खिडकीतली सवत

“तीन पडदे आणि एवढंसं पातेलं? वजन तरी बघ की गं बाई!” मी बोहारणीला म्हणाले.

तिनं वरचा पडदा मांडीवर ओढला, दोन बोटांत धरून चुरगाळून बघितला. मग एकदा माझ्याकडे बघितलं, आणि ते लहान पातेलं टोपलीत परत ठेवून तळाचं मोठं, जाड बुडाचं काढून माझ्यापुढं ठेवलं. वर एक झारासुद्धा दिला.

बोहारीण घासाघीस न करता कबूल होते म्हटल्यावर माझ्या टाळक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण मला घाई होती. रेवती शाळेतून यायच्या आत ते पडदे मला घराबाहेर काढायचे होते. मीच उचलून तिच्या गाठोड्यात कोंबले, मीच गाठ मारायला हात लावला. ती फाटकाबाहेर गेली तेव्हा मला जे हलकं वाटलं, ते आठवलं की आजही माझी मला लाज वाटते.

ही गोष्ट पाचगणीची, पंच्याऐंशी सालची. आमचे हे एका निवासी शाळेत सुतार होते. शाळेनं राहायला दिलेली खोली म्हणजे कुठल्याशा जुन्या बंगल्याचा काचा लावून बंद केलेला व्हरांडा. लांबलचक एकच खोली, पुढं स्वयंपाकाची पडवी, आणि तीन बाजूंना तीन उंच खिडक्या, माणूस उभा राहील एवढ्या. बघणाऱ्याला वाटायचं, काय नशीबवान माणसं! त्यांनी मार्गशीर्षात एक दिवस तिथं राहून दाखवावं. काचेजवळ पाण्याचा तांब्या ठेवला तर सकाळी त्यात बोट बुडववत नसे.

मी यांची दुसरी बायको. पहिली सगुणा. रेवती पाच वर्षांची असताना ती पोटाच्या दुखण्यानं गेली, आणि दोन वर्षांनी मी आले. माझं लग्न लागलं त्याच दिवशी देव्हाऱ्यात चांदीचा एक टाक बसला. सवतीचा टाक. घरात नवी साडी आली की आधी त्या टाकापुढं ठेवायची, हळदकुंकू वाहायचं, “नेस बाई” म्हणायचं, आणि मग ती आपण अंगाला लावायची. आमच्याकडे दुसरेपणावर दिलेल्या प्रत्येकीला हे करावं लागतं. म्हणजे माझी एकही साडी कधी कोरी माझ्या वाट्याला आली नाही. आधी ती नेसणार, मग मी! जिवंत सवत असती तर भांडता तरी आलं असतं. हिच्याशी काय भांडणार? नखाएवढा चांदीचा तुकडा.

पहिल्या दिवाळीला यांनी मला डाळिंबी रंगाची साडी आणली. मी ती टाकापुढं ठेवली, आणि ठेवता ठेवता मनात आलं, हिच्या स्वतःच्या साड्या कुठं गेल्या? सात वर्षं संसार केलेली बाई. भिंतीवर फोटो होता ना तिचा, डोहाळजेवणाचा. झोपाळ्यावर बसलेली, अंगभर फुलं, साडीला हा एवढा रुंद कोयरीचा काठ. ती साडी कुठाय?

“अहो, सगुणाबाईंच्या साड्या कुणाला दिल्या?”

हे रंधा मारत होते. थांबले. “कुणाला नाही. घरातच आहेत.”

“घरात कुठं?”

“आहेत. तू नको शोधूस.”

झालं! नको शोधूस म्हटल्यावर मी काय गप्प बसते? ट्रंक उपसली, माळा झाला, यांच्या हत्यारांची पेटीसुद्धा तळापर्यंत खणली. एक पदर सापडला नाही. माझी खात्रीच पटली की यांनी त्या शाळेच्या वर्कशॉपमध्ये कुठंतरी कुलपात ठेवल्यात, आणि दुपारच्या सुट्टीत जाऊन त्यावर हात फिरवत बसतात. वेडेपणाच होता तो. पण अंगात जळफळाट शिरला की डोकं असंच चालतं.

आणि मग ते पडदे. तिन्ही खिडक्यांना वरपासून पार जमिनीपर्यंत, मातकट रंगात बुडवलेल्या मांजरपाटाचे. दोन्हीकडून तेच कापड, मधे काहीतरी जाड भरून गोधडीसारखे टाके घातलेले. ना फूल ना वेल. सगुणा आधी एका पारशी बाईच्या बंगल्यावर कामाला होती. तिथं तिनं बघितलं होतं की थंडीतल्या पडद्याच्या पोटात अस्तर असतं, आणि पडदा नुसता खिडकीपुरता नसतो, भिंतीवर हातभर पुढं येतो. तसेच तिनं शिवले. यांनी तिच्या सांगण्यावरून सळईच्या वर आडव्या फळ्या ठोकल्या, म्हणजे काचेवरचा गारठा वरून खोलीत उतरायला नको. हे सगळं मला रेवतीनं सांगितलं, पाढे म्हणावेत तसं.

रेवतीची छाती जन्मापासून नाजूक. गार वारा लागला की श्वासाला शिट्टी यायची. म्हणून संध्याकाळचा एक नेम होता. ऊन टेबललँडच्या मागं गेलं रे गेलं की हातातला खेळ टाकून ती उठायची. पहिला पडदा, दुसरा, तिसरा. ओढून झाले की खालच्या काठावर वाळू भरलेल्या लांब पिशव्या सारून ठेवायच्या. सकाळी उन्हाच्या बाजूचा आधी उघडायचा.

“आईनं सांगितलंय,” ती म्हणायची. “ऊन आत घ्यायचं आणि पडदा लावून कोंडून ठेवायचं.”

एवढंच असतं तर मी सोसलं असतं. पण पडदा ओढून झाला की ती पोर त्याला दोन्ही हातांनी मिठी मारायची. तोंड आत खुपसून उभी राहायची. मी जवळ घ्यायला गेले की अंग चोरायची, आणि त्या मातकट फडक्याला मिठी! मला ती “मावशी” म्हणायची, तेही काही हवं असेल तर. मी काय वाईट वागवत होते तिला? तेल लावून न्हाऊ घालत होते, वेणी घालत होते, तिच्यासाठी बिनतिखटाची वेगळी भाजी करत होते. मला एवढंच हवं होतं की तिनं कधीतरी आपणहून माझ्या गळ्यात पडावं. एकदा, बस्स.

त्या आठवड्यात शाळेत तिचा पाठांतरात पहिला नंबर आला. मला शेजारणीनं आधीच सांगितलं होतं. मी रव्याचे लाडू वळून ताट घेऊन दारात उभी राहिले. पोरगी पायऱ्या चढत धावत आली, हातात तो कागद. ताट एका हातावर घेऊन मी दुसरा हात पुढं केला. ती माझ्या हाताखालून सरळ आत गेली आणि तोंड पडद्यात घालून म्हणाली, “आई, मी पहिली आले!”

लाडवाचं ताट माझ्या हातात तसंच राहिलं.

पुढच्या बाजाराला मी नेटचे पडदे घेतले, पांढरे, त्यावर गुलाब. आणि त्याच दुपारी बोहारणीला हाक मारली.

रेवती आली. दारातच थबकली. तिन्ही खिडक्यांकडे एकेक करून बघितलं.

“मावशी, पडदे?”

“जुने झाले होते गं. हे बघ, गुलाब आहेत. छान दिसतात की नाही?”

ती रडली असती तर बरं झालं असतं. रडली नाही. दप्तर ठेवलं, हातपाय धुतले, दूध प्यायली. ऊन गेल्यावर उठली आणि त्या गुलाबाच्या पडद्यांना एकेक करून ओढलं. ते खिडकीच्या अर्ध्यापर्यंतच येत होते. तरी तिनं वाळूच्या पिशव्या खाली नीट लावून ठेवल्या, नुसत्याच, जमिनीवर. मग काचेसमोर तळहात धरला आणि मला म्हणाली, “इथनं गार येतंय.”

“स्वेटर घाल,” मी म्हणाले.

हे कामावरून आले. उंबऱ्यातच उभे राहिले.

“पडदे कुठायत?”

“धुवायला दिलेत.”

“धुवायला? कुणाकडं?”

“आहे एक बाई वाईची. दोन दिवसांत देते म्हणाली.”

खोटं बोलताना माझी जीभ जराही अडखळली नाही. यांनी आपली घोंगडी आणली आणि रेवतीच्या खाटेजवळच्या खिडकीला खिळे मारून लावली. खिळा ठोकताना यांचा हात कधी चुकायचा नाही. त्या दिवशी दोनदा अंगठ्यावर हातोडी बसली.

सकाळी रेवतीला उठवायला गेले तर तिच्या छातीतून शिट्टी येत होती. ओठ निळसर. उशीला टेकून बसली होती, कारण आडवं होता येत नव्हतं. यांनी तिला पाठुंगळीला मारलं आणि दवाखान्यात नेलं, मी मागून धावत. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, वाफ दिली, आणि चिडून म्हणाले, “दोन हिवाळे मुलीला काही झालं नव्हतं. आता असं काय केलंत? गारठ्यात ठेवलीत का? खोली उबदार हवी. पुन्हा असं झालं तर साताऱ्याला न्यावं लागेल, आणि तोवर वेळ मिळेलच असं मी सांगू शकत नाही.”

हे माझ्याकडे बघत नव्हते. रेवती मात्र बघत होती. तिनं माझं नाव घेतलं असतं तरी चाललं असतं. ती बोटांनी फक्त चादरीचा काठ चोळत होती.

मी घरी आले. पातेलं, झारा, गुलाबाचे पडदे एका पिशवीत भरले आणि वाईची एस.टी. पकडली. पसरणी घाट उतरेपर्यंत माझं एकच चाललं होतं, देवा, तिनं विकले नसू देत. बोहारीण वाईत नदीकाठच्या आळीत राहते एवढंच मला ठाऊक होतं. चार दारं ठोठावली तेव्हा पाचवं तिचं निघालं.

ती अंगणात उन्हाला बसली होती. दोन पडदे शेजारी घडी करून ठेवलेले. तिसरा मांडीवर, एका कडेनं उसवून उघडा. आणि त्याच्या पोटातून निघालेली एक हिरवीगार साडी दोरीवर वाळत घालावी तशी पसरलेली.

तिला रुंद काठ होता. कोयरीचा.

फोटोत रंग नव्हता. मला कधी सुचलंच नव्हतं की ती साडी हिरवी असणार. डोहाळजेवणाची साडी, दुसऱ्या कुठल्या रंगाची असेल? मी तिथंच अंगणात खाली बसले.

“काय गं बाई, चक्कर आली का?” बोहारीण म्हणाली. “अगं, मला तर कालच हाताला लागलं होतं, आत जरीचं काहीतरी आहे म्हणून. पण असा टाका मी जन्मात बघितला नाही. उसवताना बोटं दुखली. एकेक साडी दुहेरी घडी करून घातलीय, सुरकुती नाही. त्या दोन्हीतपण हेच आहे, कोपरा उसवून बघितला मी. शालूच आहे एकात. कुणी शिवले हे?”

“माझ्या सवतीनं.”

तिनं उसवलेली कड हातानं सारखी केली.

“ह्यातल्या दोन साड्या गेल्या बरं का,” ती म्हणाली. “सकाळीच एक गोधडीवाली घेऊन गेली. बाकीचं आहे.”

“मला परत हवंय सगळं.”

“दिलेलं मी परत देत नाही. माझा धंदा कसा चालायचा?”

मी पातेलं ठेवलं. झारा ठेवला. गुलाबाचे पडदे ठेवले. ती मान हलवत राहिली. मग मी अंगावरची शाल काढली, माहेरची, पश्मिनासारखी मऊ होती. तीही ठेवली.

“पोर आजारी आहे,” मी म्हणाले. “तिच्या खिडकीचे आहेत हे.”

“तुझी पोर?”

हो म्हणायला तोंड उघडेना, आणि नाही म्हणवेना. बोहारणीनं शाल माझ्याकडे परत सरकवली, बाकीचं ठेवून घेतलं, आणि हिरव्या साडीची घडी घालून माझ्या हातात दिली.

घरी पोचले तेव्हा ऊन अजून होतं. हे खाटेशेजारी बसले होते, रेवतीचा डोळा लागला होता. मी गाठोडं खाली ठेवलं आणि उसवलेला पडदा त्यांच्यापुढं उघडून धरला.

“घरातच आहेत म्हणालात. मला सांगितलं का नाही?”

यांनी त्या काठावरून एकदा बोट फिरवलं. जसं मी मनात रंगवलं होतं अगदी तसंच. पण बघून मला राग आला नाही.

“तिनंच शपथ घातली होती,” हे म्हणाले. “शेवटच्या पावसाळ्यात बसून शिवले. मी म्हटलं, अगं शालू तरी ठेव. तर म्हणाली, ‘कशाला? उद्या दुसरी येईल. तिला माझी नेसलेली साडी नेसायला लागू नये, आणि ट्रंकेत बघून रोज तिचा जीवही जळू नये. खिडकीला लावते. पोरीला ऊब मिळेल. तिला सांगू नका, नुसते पडदे म्हणूनच राहू देत.’”

बाई गं! दोन वर्षं आधीच माझा जीव जळणार हे हिला ठाऊक. मला न बघता हिनं मला ओळखलं, आणि मी हिच्या टाकापुढं रोज तोंड वाकडं करत होते.

तरी खोटं कशाला बोलू? त्याही वेळी माझ्या पोटात कुठंतरी ठिणगी पडलीच. मरताना इतकं शहाणं असायचं काही कारण होतं का? मागून येणारीला थोडी तरी जागा ठेवायची!

दोन पडदे लगेच चढवले. तिसऱ्याच्या पोटातल्या दोन साड्या गेल्या होत्या. मी ट्रंक उघडली. माझा लग्नातला शालू काढला आणि ती दिवाळीची डाळिंबी साडी. दुहेरी घडी घातली आणि शिवायला बसले. आता ऐका. मांजरपाटाच्या आत सगुणाची हिरवी साडी आणि माझ्या दोन. कुठली कुठल्या बाजूला लावायची? एक बाजू काचेकडे जाणार, दुसरी खोलीकडे, पोरीकडे. मी माझ्या दोन्ही खोलीच्या बाजूला लावल्या. तिची काचेकडे. कुणाला दिसणार होतं? वरून सगळं मातकटच. पण मला माहीत होतं, आणि टाके घालताना मला त्याचा आनंद होत होता.

चार दिवसांनी रेवती उठून फिरायला लागली. ऊन गेल्यावर पडदे ओढले, पिशव्या लावल्या. पहिल्याला मिठी मारली, दुसऱ्याला मारली. तिसऱ्यात तोंड घातलं आणि नाक वर करून मागं सरली.

“हा वेगळाच आहे,” म्हणाली, आणि पुन्हा दुसऱ्याकडे गेली.

मी पोळ्या लाटत होते. लाटत राहिले.

त्यानंतर कितीतरी वर्षं बोहारणीचं किंवा वाईचं नाव आमच्या घरात कुणी काढलं नाही. मला पुढं मूलबाळ झालं नाही. रेवतीला मी वाढवली, तिच्या छातीला शेक दिले, तिची दहावी, तिचं कॉलेज, तिचं लग्न. “मावशी”ची मी कधी “आई” झाले नाही म्हणून कुढले, आणि मग एक दिवस लक्षात आलं की कुढायचं राहूनच गेलंय. लग्नानंतर दोन वर्षांनी जावयांची बदली सिमल्याला झाली.

“मावशी, तिकडे खिडक्या मोठ्या आहेत म्हणे,” रेवती म्हणाली. “एक पडदा नेऊ का गं? नमुन्याला. त्यावरून बाकीचे मी शिवून घेईन.”

“ने की. तुझ्या आईचेच आहेत. त्यातला तिच्या शालूचा ने.” आत काय आहे ते तिला एव्हाना माहीत होतं. मीच सांगितलं होतं, बोहारणीसकट.

ती उठली. लहानपणी जायची तशीच एकेक खिडकीपाशी गेली. पहिल्यात तोंड घातलं. दुसऱ्यात घातलं. तिसऱ्यात घातलं आणि तिथंच उभी राहिली, दोन्ही हातांनी धरून, बराच वेळ. मी भाजी निवडायचं सोडून बघत होते.

“हा नेते,” ती म्हणाली.

“अगं, तो तर तुला आवडायचा नाही.”

“कोण म्हणालं?” तिनं मागं वळूनही बघितलं नाही. “हाच हवाय.”

वीस वर्षं थांबले होते मी या एका वाक्यासाठी. जिंकले! देव्हाऱ्याकडे बघून सांगावंसं वाटलं, ऐकलंस का गं बये?

दुसऱ्या दिवशी दुपारी रेवती बाजारात गेली तेव्हा मी स्टूल घेऊन तो पडदा उतरवला. बांधायच्या आधी उन्हात झटकला. मग सुई-दोरा घेऊन बसले. वरच्या काठाच्या सगळ्या कड्या उसवल्या आणि उलट्या बाजूला शिवल्या. आता तिकडे टांगला की सगुणाची हिरवी साडी खोलीकडे येणार होती, आणि माझ्या दोन्ही काचेकडे. रेवतीला कळणार नव्हतं. दोन्हीकडून कापड तेच.

शेवटची कडी लावून दोरा दातानं तोडला, पडद्याची घडी केली आणि टाकापुढं नेऊन ठेवली. हळदकुंकू लावलं.

“सगुणे,” मी म्हणाले, “जा तिच्याबरोबर. आणि आता तू आतल्या बाजूला बस. काचेचा गारठा मी घेते.”